बाबांचा संघ आता कुणासाठी पाहायचा?

तुमचा प्रश्न मला कसा समजला आहे ते आधी सांगते. तुमचे बाबा १९९४ मध्ये नोकरीसाठी अमेरिकेत सिॲटलजवळच्या रेडमंडला आले, पुढच्याच वर्षी त्यांना सिॲटल मॅरिनर्स या बेसबॉल संघाचे वेड लागले आणि ते शेवटपर्यंत सुटले नाही. गेल्या ऑगस्टच्या अखेरीस, ऐन गणपतीत, फुफ्फुसाच्या कर्करोगाने ते गेले. तेव्हा तुम्ही सगळे धीराने निभावून नेले आणि तुम्हाला फारसे रडूही आले नाही. मात्र २० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री टोरंटोमध्ये, वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका गाठण्यासाठीच्या लढतीत, मॅरिनर्स सातवा, निर्णायक सामना हरले तेव्हा तुम्ही हमसून हमसून रडलात, आणि त्यानंतर कित्येक दिवस मॅनेजरवर (संघाच्या मुख्य प्रशिक्षकावर), पिचरवर (चेंडू टाकणाऱ्यावर), मालकांवर असा संताप येत राहिला की शेवटी तुमचे पती म्हणाले, "अगं, खेळच आहे तो, सोडून दे." आता फेब्रुवारीत ॲरिझोनात सराव सुरू होईल. संघ पाहणे बंद करावे का, बंद केले तर ती बाबांशी प्रतारणा ठरेल का, आणि वडिलांपेक्षा संघासाठी जास्त रडणाऱ्या मुलीला काय म्हणावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी शिकागोजवळच्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, शोकसमुपदेशक म्हणून काम करते. खेळाचा विषय माझ्यासमोर लोकांना वाटेल त्यापेक्षा पुष्कळदा निघतो, विशेषतः वडील गेलेले असतात तेव्हा. तुमच्या पत्रातून मला दिसणारी अडचण अशी आहे: बाबांशी रोजचे बोलणे ज्या एका निमित्ताने चालत असे, ते निमित्तच आता दुखते आहे. ते सोडले तर बोलणे कायमचे थांबेल आणि धरून ठेवले तर दुखणे थांबणार नाही, अशी ही कोंडी आहे. पतींच्या सल्ल्याने ती सुटत नाही, कारण सोडायचे काय आहे हे त्यांना दिसलेले नाही. त्यात त्यांचा दोष नाही; तुम्हालाही ते अजून पुरते दिसलेले नसावे.

आधी त्या रडण्याविषयी. आजारपणात घरच्या माणसाला रडायला सवड नसते. औषधांच्या वेळा, इन्शुरन्सचे फोन, भारतातून येणाऱ्या काकांचे तिकीट, आईच्या जेवणाची काळजी, आणि मग अंत्यविधीनंतर बँकेचे आणि सरकारी कागद. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडले की शोक करणारा माणूस दुःखाकडे आणि रोजच्या व्यवहारांकडे आळीपाळीने ये-जा करत असतो, आणि ही ये-जा निरोगीपणाचीच खूण आहे. तुम्ही सप्टेंबरभर व्यवहाराच्या बाजूला होतात. दुसऱ्या बाजूला जायला एखादी अशी जागा लागते, जिथे तुमच्याकडून कुणाला काही नको असते. तुम्हाला ती सोफ्यावर, टीव्हीसमोर मिळाली.

पण त्याच रात्री का, याचे आणखी एक कारण तुमच्याच पत्रात आहे. जूनमध्ये बाबांचे रिपोर्ट सुधारले होते, डॉक्टरांनी शरद ऋतूपर्यंतची आशा दाखवली होती, आणि जुलैच्या स्कॅननंतर सगळे कोसळले. आता तो सातवा सामना आठवा. मॅरिनर्स ३-१ ने पुढे होते. नऊ इनिंगांपैकी (डावांपैकी) सातव्या इनिंगच्या उत्तरार्धात, जिथे तीन जण बाद झाले की पाळी संपते, टोरंटोचा एक खेळाडू बाद झालेला होता आणि वर्ल्ड सिरीजपासून तुमचा संघ फक्त आठ आऊट दूर होता. तुम्ही आईला "आता फक्त आठ" असे म्हणालात, आणि लगेच टोरंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारा फटका, मारला. सामना ४-३ असा गेला. आशा वाढत जाणे, आकडे मोजणे, सुटकेच्या तोंडाशी येणे आणि मग एका क्षणात सगळे उलटणे, हा प्रवास तुमच्या शरीराने त्याच उन्हाळ्यात एकदा केलेला होता. जुलैमध्ये डॉक्टरांसमोर तुम्ही वहीत टिपणे घेत बसला होतात; ऑक्टोबरात वही नव्हती. ते अश्रू दोन्हींचे होते, आणि त्यात बाबांचा वाटा कमी होता असे मानायला मला कोणतेही कारण दिसत नाही.

हा संघ तुमच्या वाट्याला आला, याचाही इथे संबंध आहे. शिकागोत मी दुसऱ्या प्रकारचे दुःखी चाहते पाहिले आहेत. २०२४ मध्ये तिथले व्हाइट सॉक्स १६२ पैकी १२१ सामने हरले आणि न्यूयॉर्क मेट्सचा १९६२ पासूनचा १२० पराभवांचा विक्रम त्यांनी मागे टाकला. त्या उन्हाळ्यात वडील गमावलेले एक गृहस्थ माझ्याकडे येत. ते रोज रेडिओवर सामना ऐकत आणि त्यातून त्यांना स्वस्थता मिळे, कारण त्या संघाकडून कसलीच अपेक्षा उरलेली नव्हती. संध्याकाळी आवाज येत असे, इनिंग पुढे सरकत, आणि तेवढे त्यांना पुरत असे. मॅरिनर्स तसे नाहीत. २००१ मध्ये त्यांनी ११६ सामने जिंकून शिकागो कब्जच्या १९०६ च्या विक्रमाशी बरोबरी केली आणि तरीही वर्ल्ड सिरीज गाठली नाही. त्यानंतर सलग वीस सीझन प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) नाही. २०२२ मध्ये कॅल रॅलीच्या होमरनने तो दुष्काळ संपला, तर पुढे घरच्या मैदानावर अठरा इनिंगचा सामना ०-१ ने हरून ह्यूस्टनकडून बाहेर पडले. २०२३ मध्ये प्लेऑफ एका सामन्याने हुकले आणि २०२४ मध्येही एकाच. तीस संघांत वर्ल्ड सिरीजपर्यंत एकदाही न पोहोचलेला हा एकमेव संघ आहे, पण तो वाईट संघ नाही, आणि त्रास त्यामुळेच होतो. वाईट संघ तुमच्याकडे आशा मागत नाही. हा संघ दरवर्षी मागतो. नुकताच आशेने दगा दिलेल्या माणसाला पुन्हा आशा करायला सांगणे ही लहान मागणी नाही, म्हणून "खेळच तर आहे" हे वाक्य तुम्हाला लागले यात नवल नाही.

आता संतापाविषयी. तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. स्प्रिंगरसमोर पिचर म्हणून एदुआर्द बझार्डोला का आणले, आंद्रेस मुन्योसला का नाही, यावर तुम्ही तीन परिच्छेद लिहिले आहेत. प्रश्न रास्त आहे आणि सिॲटलमधले असंख्य लोक अजूनही तो विचारत असतील. त्याच पत्रात एक छोटे वाक्य आहे: "बाबांनी चार महिने खोकला अंगावर काढला." त्याच्या पुढे-मागे काहीच नाही. माझ्या अनुभवात असे एकटे पडलेले वाक्य बहुधा सगळ्यात जड असते. ज्यांनी वेळेवर डॉक्टरांकडे जायला हवे होते ते बाबा आता नाहीत, आणि असते तरी त्यांच्यावर ओरडण्याची आपल्या घरांत रीत नाही. कर्करोगावर ओरडता येत नाही. मॅनेजरवर ओरडता येते. त्याचा निर्णय सगळ्यांसमोर झालेला असतो आणि तो चुकला असे म्हणणारे हजारो सोबती मिळतात. योग्य माणूस योग्य वेळी का बोलावला नाही, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. बाबांवर तुमचा राग आहे असा माझा आग्रह नाही, ते तुम्हीच ठरवाल. मात्र पुढच्या वेळी पिचर बदलल्यावर अंगाचा तिळपापड झाला, तर त्या खोकल्याची एकदा आठवण काढून पाहा. राग तिथला असेल तर लगेच कळते.

प्रतारणेच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर तुम्ही दोघे त्या संघाचे काय करत होता हे पाहावे लागेल. सामना संपला की बाबांचा फोन येई, "पाहिलंस ना?" एवढेच विचारत आणि मग वीस मिनिटे बोलणे चाले. नव्वदच्या दशकात इथे आलेल्या आपल्याकडच्या पुष्कळ वडिलांना मी ओळखते. मुलीला "तू बरी आहेस ना? नवऱ्याशी पटतंय ना?" असे विचारणे त्यांना जड जाई, आणि स्कोअर विचारणे सोपे वाटे. तुमचा आवाज कसा आहे, तुम्ही दमला आहात का, चिडल्या आहात का, हे त्यांना त्या वीस मिनिटांत कळत असावे. बेसबॉलचा सीझन या कामासाठी फार सोयीचा आहे: मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोज फोन करायला कारण. म्हणून तुमच्या मनात संघ आणि बाबा इतके गुंतलेले आहेत की एकाला हात लावला की दुसरे हलते.

डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी १९९६ मध्ये एका जुन्या समजुतीला आव्हान दिले. मेलेल्या माणसाशी असलेला बंध तोडल्याशिवाय शोक पूर्ण होत नाही, अशी ती समजूत होती. बंध राहतो, फक्त त्याचे रूप बदलते, असे त्यांनी दाखवले. पितृपक्ष पाळणाऱ्या समाजाला हे नव्याने सांगावे लागू नये, पण प्रत्यक्षात लागते. बंध राहणार असेल, तर एखादा सीझन न पाहिल्याने तो तुटणार नाही. याचा पुरावा तुमच्या बाबांनीच ठेवला आहे. १९७७ च्या पहिल्या सीझनपासून मॅरिनर्सचा आवाज असलेले निवेदक डेव्ह नीहाउस नोव्हेंबर २०१० मध्ये गेले. तुमचे बाबा बेसबॉल शिकले ते त्यांच्याच निवेदनातून. तुम्ही लिहिता की २०११ च्या वसंतात बाबा बरेच दिवस रेडिओ लावत नव्हते, टीव्हीचा आवाज बंद करून सामने पाहत होते, आणि मग एके दिवशी गॅरेजमधून पुन्हा रेडिओ ऐकू आला. तेव्हा त्यांनी नीहाउस यांच्याशी प्रतारणा केली असे तुम्हाला वाटले का? जी सवड त्यांनी स्वतःला दिली, तीच तुम्ही घ्या.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी असहमत आहे. "बाबांना वर्ल्ड सिरीज पाहायला मिळाली नाही, आता त्यांच्या वतीने मला ती पाहायचीच आहे," असे तुम्ही लिहिले आहे. हे ऋण तुम्ही अंगावर घेऊ नये असे मला कळकळीने वाटते. २ नोव्हेंबर २०१६ रोजी शिकागो कब्जनी क्लीव्हलँडमध्ये दहा इनिंगांत ८-७ असा विजय मिळवून १०८ वर्षांची प्रतीक्षा संपवली. त्या दिवसांत लोक कब्जच्या रिग्ली फील्ड या मैदानाच्या विटांच्या भिंतींवर खडूने नावे लिहीत होते, आणि त्यांत गेलेल्या आईवडिलांची, आजी-आजोबांची नावे असंख्य होती. त्या हिवाळ्यात माझ्याकडे आलेल्यांत असेही काही होते, ज्यांना वाटले होते की एकदा कब्ज जिंकले की वडिलांचे राहिलेले काम पूर्ण होईल. विजय मिळाला, आणि फोन उचलून ज्यांना सांगायचे ते नाहीत हे त्याच क्षणी नव्याने कळले. काहींना तो दिवस आनंदाचाही होता, मी ते नाकारत नाही. पण हिशेब कुणाचाच मिटला नाही, कारण तो संघाकडे नव्हताच. तुमच्या बाबांच्या वाट्याला काय आले तेही पाहा: एडगर मार्टिनेझच्या फटक्यावर पहिल्या बेसवरून धावत सुटलेला केन ग्रिफी, इचिरोचे २००४ मधले २६२ हिट्स, फेलिक्स हर्नांडेझचा १५ ऑगस्ट २०१२ चा परफेक्ट गेम (प्रतिस्पर्ध्याचा एकही खेळाडू बेसवर न पोहोचलेला सामना). गेल्या ९ ऑगस्टला इचिरोचा ५१ क्रमांक निवृत्त झाला, तो समारंभ त्यांनी पलंगावरून, तुमच्या शेजारी पाहिला. एकतीस उन्हाळे रोज संध्याकाळी हौसेने सामना लावणारा माणूस वंचित राहून गेला, असे मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

मी काय सुचवेन ते सांगते, पण त्याआधी हे कशावर अवलंबून आहे तेही सांगायला हवे. सामना पाहिल्यावर तुम्ही रडता आणि मग झोपता, की पहाटेपर्यंत प्रतिक्रिया वाचत जागता? चिडचिड मुलांवर निघते का? सामन्यांवर पैसे लावण्याचा मोह होतो आहे का? या तिन्हींपैकी काही होत असेल तर निदान जूनपर्यंत संघ बाजूला ठेवा. तसे नसेल, तर अख्ख्या सीझनचा निर्णय आज करू नका. फक्त एप्रिलअखेरपर्यंतचा करा. आठवड्यातला एकच सामना निवडा, शक्यतो रविवारी दुपारचा, म्हणजे हरले तरी संध्याकाळ हाताशी राहते. बाकीच्या दिवशी स्कोअर पाहिला तर पाहिला. सामना संपल्यावर फोनची आठवण येईलच. त्या वेळी बाबांना जे सांगितले असते ते दोन ओळींत लिहून ठेवा. हे भावुक वाटले तरी करा, कारण ती वीस मिनिटे रिकामी राहिली की राग तिथे येऊन बसतो.

त्यांच्या स्कोअरबुकविषयी तुम्ही जाता जाता विचारले आहे, पण मला तो प्रश्न मोठा वाटतो. पेन्सिलीने भरलेले ते चौकोन, कोणत्या क्षेत्ररक्षकांनी बाद केले ते सांगणारे ६-४-३ असे देवनागरी आकडे, बॅट न फिरवता बाद झालेल्यासाठी उलटा काढलेला इंग्रजी 'के', समासात "छप्पर बंद", "फेलिक्स दमला" अशा नोंदी, आणि ऑगस्टमधल्या एका सामन्याच्या पाचव्या इनिंगला थांबलेले शेवटचे पान. ते पूर्ण करावे का? घाई नको. वही कपाटात कुलपाआड ठेवू नका आणि रोज समोर दिसेल अशीही नको. हात पोहोचेल अशा जागी ठेवा. पुढे कधी वाटलेच तर त्या सामन्याचा चेंडूगणिक तपशील सहज मिळतो. पण भरलात तर वेगळ्या रंगाने भरा, म्हणजे त्यांचे अक्षर कुठे थांबते आणि तुमचे कुठे सुरू होते हे तुमच्या मुलांनाही दिसेल. तुम्हाला स्वतःसाठी स्कोअर ठेवायचा असेल तर नवी वही घ्या. त्यांच्या कोऱ्या पानांवर तुमचा सीझन लिहू नका, निदान पहिल्या वर्षी तरी नको.

आई सामना लावून स्वयंपाकघरात जातात, पाहत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. त्या बेसबॉल पाहत आहेत असे गृहीत धरू नका. घरात सात वाजता जो आवाज असायचा तो त्यांना हवा असेल. तुम्ही पाहणे थांबवले तरी त्यांचा टीव्ही बंद करायला लावू नका, आणि एकदा सरळ विचारा, "आई, तुला सामना हवा असतो की आवाज?" उत्तर काहीही आले तरी तुमच्या दोघींमध्ये बोलण्याची एक वाट उघडेल, जी आजवर बहुधा बाबांमार्फत जात होती.

पुढचे काही दिवस आधीच ओळखून ठेवा. पहिला सामना, जूनमधला फादर्स डे, आणि वर्षश्राद्ध. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तारीख ऑगस्टअखेरीस येईल आणि तिथी सप्टेंबरच्या मध्यावर जाईल, म्हणजे प्लेऑफची चुरस ऐन रंगात असताना. त्या दोन-तीन आठवड्यांत तुम्ही नेहमीपेक्षा हळव्या असाल. संघ चांगला खेळत असेल तर जास्तच. पतींना हे आत्ताच सांगून ठेवा, आणि "खेळच आहे" याला उत्तर म्हणून वाद घालू नका. "यातून मी बाबांशी बोलत असते" एवढे एकच वाक्य पुरे.

शेवटी, उपचारांची गरज आहे का याविषयी. अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियमावलीत २०२२ पासून दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाचे स्वतंत्र निदान आहे, पण प्रौढांमध्ये ते मृत्यूला किमान बारा महिने झाल्याशिवाय करत नाहीत. तुम्हाला अजून सहाही झालेले नाहीत, आणि तुम्ही जे वर्णन केले आहे ते मला आजार वाटत नाही. जेवण-झोप आठवडेच्या आठवडे बिघडली, कामावर जाणे अशक्य झाले, तर थांबू नका. जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले तर त्याच क्षणी ९८८ या मदतवाहिनीवर फोन करा. बाबा हॉस्पिसमध्ये होते, म्हणून तुम्हाला आणखी एक सोय आहे: मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या नियमांनुसार हॉस्पिसने मृत्यूनंतर वर्षभर कुटुंबीयांना शोकसाहाय्य द्यायचे असते. त्यांची पत्रे आली असतील आणि तुम्ही ती न उघडता ठेवली असतील. बरेच जण तसे करतात. ती काढा आणि फोन करून वेळ घ्या. तिथे मॅरिनर्सविषयी बोलायला काहीच हरकत नाही, पण जमले तर त्या चार महिन्यांच्या खोकल्याविषयी आधी बोला.